लाल ठिपक्याच्या तबकड्या

शेजारच्या आजोबांनी मला पहिल्यांदा घरात बोलावलं ते लेबल वाचून घ्यायला. त्याआधी आइंडहोवनच्या त्या घरांच्या ओळीत आम्ही काही वर्षं राहत होतो, पण कुंपणावरून "आज ऊन आहे" नाहीतर "आज ऊन नाही" यापुढे आमची मैत्री सरकली नव्हती. इथे शेजाऱ्याला नावाने हाक मारायची वेळच येत नाही. ते बूरमन, मी बूरफ्राउ. डचमध्ये शेजारी आणि शेजारीण, विषय संपला. तर एका रविवारी बूरमन दारात उभे, ग्रामोफोनची एक काळी जड तबकडी दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, आणि विचारतात, "बूरफ्राउ, ही अक्षरं तुमची का?"

अक्षरं माझीच होती. लेबलावर देवनागरीत नाटकातल्या पदाचे पहिले शब्द, राग आणि ताल असं सगळं रीतसर लिहिलेलं होतं. मी वाचून दाखवलं, अर्थ सांगितला आणि उत्साहाच्या भरात म्हटलं, "लावून ऐकू या का?" बूरमननी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांच्या पासपोर्टाचं पान फाडून त्यात भेळ बांधायला मागितली होती. गाण्याशी त्यांना फारसं देणंघेणं नव्हतं. गाणं म्हणजे त्यांच्या लेखी लेबलाभोवतीचा काळा काठ.

या तबकड्या प्लास्टिकच्या आधीच्या, लाखेच्या. हातातून सुटली की बशीसारखी फुटते. आणि त्यांच्यावर साल छापलेलं नसतं, सगळी गोम तिथेच आहे. एकच गाणं वर्षानुवर्षं पुन्हापुन्हा काढलं जायचं आणि मधूनमधून लेबल जरासं बदलायचं. कधी रंग बदलला, कधी कडेची रेघ जाड झाली, कधी तळाशी गावाचं नाव आलं. असल्या खाणाखुणांवरून तबकडी कुठल्या सुमाराची ते ठरवायचं, यात बूरमन शाळेतल्या भूगोलातून निवृत्त झाल्यापासून बुडालेले. ठरलं की ते पाकिटावर शिसपेन्सिलीने लिहायचे 'ओंखेफेअर', म्हणजे अंदाजे, आणि मग साल. त्यांच्याकडे भिंतभर तबकड्या होत्या आणि भिंतभर अंदाजे.

मी यात पडायला नको होतं. पण माझी नोकरी मोजण्याची. चिप बनवायच्या यंत्रांमध्ये केस सापडला तर आम्ही त्याला डोंगर समजतो. समोर कुणी अंदाजे म्हटलं की माझे हात शिवशिवतात. दुसऱ्या रविवारी मी माझा व्हर्नियर घेऊन गेले, तिसऱ्या रविवारी लॅपटॉपला लावायचा छोटा मायक्रोस्कोप. नवरा म्हणाला, "ऑफिसात मोजतेस, शेजारी जाऊन मोजतेस. कधीतरी माझ्याकडेही बघ, मीपण गोल होत चाललोय." मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

आता लाल ठिपक्याबद्दल सांगते. लायडस्खेनडाम-फोरबर्गच्या एका जुन्या बाजारात बूरमनना मराठी तबकड्यांनी भरलेली एक लाकडी पेटी मिळाली होती. कुठल्या घरातून आली, विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. त्या पेटीतल्या बऱ्याच तबकड्यांच्या लेबलावर, मधल्या भोकाच्या बरोब्बर वर, एक वाटोळा तांबूस-काळपट ठिपका होता. काहींवर त्याच्या शेजारी पुसट पिवळा डाग. बूरमनच्या कुठल्याच पुस्तकात असला ठिपका नव्हता. आणि बूरमनना तर असं काहीतरी कधीपासून हवं होतं.

कारण नायमेखनला दर शरद ऋतूत तबकडीवाल्यांचा मेळावा भरतो. तिथे प्रत्येकाच्या नावावर काहीतरी एक शोध जमा आहे. कुणी कडेची रेघ शोधली, कुणी लपलेला नंबर. बूरमनच्या नावावर काय होतं, तर एक फजिती. फार वर्षांपूर्वी त्यांनी उठून एक अज्ञात हिरवं लेबल जाहीर केलं होतं, आणि पहिल्या रांगेतल्या एका मिशीवाल्या गृहस्थांनी सगळ्यांसमोर दाखवून दिलं की ते निळंच लेबल आहे, खिडकीत ठेवून उन्हाने बिघडलेलं. सगळे हसले. तेव्हापासून बूरमन मेळाव्यात खुर्च्या मांडायचे, कॉफी ओतायचे आणि तोंड उघडायचे नाहीत. हे सांगताना त्यांचे कान लाल झाले होते, इतक्या वर्षांनंतरही. "या वर्षी मी बोलायला वेळ मागून घेतलाय," ते म्हणाले. "पुन्हा हसले तर मी जाणंच बंद करणार." घरात ते एकटेच असायचे. मेळावा सोडला तर त्यांचं जाणंयेणं कुठे होतं, हे मला कधी दिसलं नव्हतं. म्हणून मी पदर खोचला.

आमचा सिद्धान्त असा बनला. कारखान्यात नवी तबकडी आधी नमुना म्हणून काढत असणार. तपासनीस ती बघायचा आणि पसंत पडली की लेबलावर रंगाचा ठिपका द्यायचा. पिवळा म्हणजे प्राथमिक तपासणी, लाल म्हणजे अंतिम. म्हणजे लाल ठिपका असलेली प्रत ही त्या गाण्याची अगदी पहिली प्रत. या हिशेबाने बूरमननी पेटीतल्या सगळ्या तारखा खोडून मागे नेल्या. मी प्रत्येक ठिपक्याचा व्यास मोजला, भोकापासूनचं अंतर मोजलं, आलेख काढला. आलेखावरून मी छातीठोकपणे निष्कर्ष काढला की तपासनिसाचं बोट लहान होतं, बहुधा ती बाई असावी, आणि ठिपका देताना तिला भोकाच्या वरचीच जागा का कोण जाणे फार आवडायची.

एका लेबलावर मायक्रोस्कोपखाली एक पांढुरका दाणा चिकटलेला दिसला. मी म्हटलं, खळ असेल. बूरमन म्हणाले, लेबल खळीने चिकटवतच नाहीत, ते गरम लाखेबरोबरच दाबलं जातं. मग आम्ही त्याला 'पॅकिंगचं साहित्य' असं नाव दिलं आणि पुढे गेलो. हसू नका. मीही आता हसत नाही.

सप्टेंबरात आई पुण्याहून आली, तीन महिन्यांसाठी. तिने आठवड्याभरात बूरमनना 'बूरमन भावजी' करून टाकलं. तिला डच येत नाही, त्यांना मराठी येत नाही, तरी कुंपणावर दोघांचं बोलणं माझ्यापेक्षा जास्त चालायचं. विषय बहुतेक गुडघे. ती गुडघा दाबून दाखवायची, ते मान हलवून आपला दाखवायचे.

शनिवारी मेळावा, त्या आठवड्यात बूरमननी मला फोटो काढायला दोन तबकड्या दिल्या. ही त्यांच्या भाषणातली हुकमाची जोडी होती. दोन्ही एकाच गाण्याच्या, एकाच नंबराच्या, एकच लेबल. फक्त एक ठिपक्याची, पेटीतली, आणि दुसरी स्वच्छ, त्यांनी एका इंग्रज संग्राहकाशी वर्षभर पत्रापत्री करून मिळवलेली. स्वच्छ प्रतीवर ओरखडासुद्धा नव्हता. "शेजारी शेजारी ठेवल्या की मिशीवाला काय बोलणार?" बूरमन म्हणाले. मी त्या आमच्या जेवणाच्या टेबलावर टॉवेल अंथरून ठेवल्या, आईला बजावून सांगितलं की यांना ओला हात लावायचा नाही, आणि ऑफिसला गेले.

त्या दिवशी दसरा होता. मला आठवण नव्हती. आमच्या ऑफिसच्या कॅलेंडरात दसरा नाही, आणि आम्ही नवराबायको इथे आल्यापासून सण म्हणजे शनिवारी सरकवून घ्यायची गोष्ट.

समोरून वारा, सायकल मारत घरी पोचले तर हॉलमध्ये उदबत्तीचा वास. पाटावर माझा लॅपटॉप, व्हर्नियर, मायक्रोस्कोप, कुकर, नवऱ्याचा सायकलचा पंप, आणि पाटावर मावत नाही म्हणून जागच्या जागी भांडी धुण्याचं यंत्र. सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता आणि एकेक झेंडूचं फूल. यंत्राच्या दारावर तर इतकं ठसठशीत कुंकू की ते आता हसून बोलेल असं वाटत होतं. आणि पाटाच्या मधोमध, मानाच्या जागी, बूरमनच्या दोन तबकड्या.

दोघींना कुंकू.

"आई, हे काय केलंस?" मी तबकड्यांकडे धावले.

"ओला हात नाही लावला," आई म्हणाली. "कोरडा पुसून मग बोट लावलं. अगं, एकीला आधीच कुणीतरी लावलेलं होतं, दुसरी भुंडीच. जोडीच्या दोघी, एकीला लावायचं आणि एकीला नाही, बरं दिसतं का?"

मी वाकून बघितलं. जुना ठिपका आणि नवा ठिपका. भोकाच्या बरोब्बर वर, त्याच जागी, तेवढाच. शेजारी हळद. माझी ट्यूब पेटायला जो वेळ लागला तो आईला माझ्या तोंडावर दिसला असणार, कारण तिने विचारलं, "तुला काय वाटलं होतं, काय आहे ते?"

"कारखान्याच्या तपासनिसाची खूण," मी म्हटलं.

आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग म्हणाली, "बाबांच्या स्कूटरला दसऱ्याला कोण बोट लावायचं? टाइपरायटरला कोण लावायचं? तूच ना? ज्यांच्याकडे फोनो होता ते फोनोची आणि रेकॉर्डांची पूजा करायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि तो काय दाणा म्हणालीस परवा, पॅकिंगचा?"

"अक्षता," मी म्हटलं. मी मराठी बाई, मी तांदळाचा दाणा मायक्रोस्कोपखाली धरून ओळखला नव्हता. शिवाय सगळे ठिपके एकाच पेटीतले, म्हणजे एकाच घरातले, हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ऑफिसात नव्या पोराने सगळे नमुने एकाच पेटीतून घेतले असते तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

तेवढ्यात नवरा आला, त्याने पाट बघितला, आणि सुचवलं की स्पिरिटने पुसून बघू. मी ओरडलेच. लाख स्पिरिटात विरघळते, तबकडीच जायची. "मग शनिवारनंतर सांग," तो म्हणाला. "मेळावा होऊ दे, म्हातारा खूश होऊ दे." मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मिशीवाल्याला जर कुठून कळलं, तर त्या बिचाऱ्या म्हाताऱ्याचं पुन्हा हसं होणार, आणि तेही माझ्या आलेखासकट.

"आत्ता जायचं," आई म्हणाली. "आणि सणाच्या दिवशी रिकाम्या हाताने जायचं नाही." तिने डब्यात श्रीखंड भरलं, आणि आपट्याची पानं इथे कुठून मिळणार म्हणून दुपारीच कुंपणावरची पानं खुडून ठेवली होती, ती घेतली. कुंपण बूरमनचं होतं. अशा रीतीने आम्ही बूरमनना त्यांचीच पानं सोनं म्हणून द्यायला निघालो.

बूरमननी दार उघडलं. आईने पानं त्यांच्या हातात ठेवली आणि मला म्हणाली, "सांग त्यांना, सोन्यासारखे राहा." मी सांगितलं. त्यांनी पानांकडे पाहिलं, मग कुंपणाकडे, आणि आभार मानले. डच माणूस, दुसरं काय करणार. मग मी पाकिटातून स्वच्छ प्रत काढली, जी आता स्वच्छ नव्हती.

ते खिडकीपाशी गेले. भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिले. "ताजं आहे," एवढंच म्हणाले.

मी सगळं सांगितलं. वर्षातून एका दिवशी घरातल्या अवजारांची, वाहनांची, वाद्यांची पूजा होते, हळदकुंकू लावतात, आणि हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. बूरमननी टेबलावरून आपला व्हर्नियर उचलला आणि आईकडे हात पुढे केला. आईने त्यांना न विचारता अनामिका दिली. बरोबर तेच बोट. त्यांनी मोजलं. माझ्या आलेखातला सरासरी आकडा त्यांना पाठ होता. व्हर्नियर खाली ठेवून ते खुर्चीत बसले, आणि त्यांचे कान लाल झाले.

मला इतकं वाईट वाटलं की काही सुचेना. आई मात्र स्वयंपाकघरात जाऊन चमचा शोधून घेऊन आली आणि श्रीखंडाचा डबा त्यांच्यासमोर उघडून ठेवला. "खा म्हणावं आधी," ती म्हणाली. ते खाऊ लागले. अर्धा डबा झाल्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे त्या पेटीतल्या लोकांनी गाण्याची पूजा केली?"

"गाण्याची नाही," मी म्हटलं, "वस्तूची. म्हणजे, गाण्याचीच."

"मी कधी एकही लावून ऐकली नाही," बूरमन म्हणाले.

शनिवारी आई, बूरमन आणि मी गाडीने नायमेखनला गेलो. मी वाटेत दोनदा म्हटलं की आजारी आहे म्हणून कळवा. आई जरीकाठी साडीवर स्वेटर आणि पायात पांढरे बूट घालून पहिल्या रांगेत बसली, मिशीवाल्यांच्या शेजारी. मी तिच्या दुसऱ्या बाजूला, अनुवाद करायला. बूरमन उभे राहिले.

त्यांनी आधी माझा आलेख दाखवला. माना हलल्या, आलेख सुरेख होता, मला त्याचा अजून अभिमान आहे. पिवळी तपासणी, लाल तपासणी, लहान बोटाची तपासनीस बाई, सगळं त्यांनी गंभीरपणे मांडलं. मग म्हणाले, "हे सगळं साफ चूक आहे. तपासनीस बाई पहिल्या रांगेत बसलेल्या आहेत," आणि पडद्यावर आईच्या बोटाचा फोटो आला.

सगळा हॉल हसला. बराच वेळ हसला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर बूरमनही हसत होते, आणि आई सगळ्यांना उद्देशून नमस्कार करत होती.

हशा ओसरल्यावर बूरमननी दसरा, कुंकू आणि आईने बोट लावलेली स्वच्छ प्रत, सगळं सांगितलं, आणि मिशीवाले उठले, अपेक्षेप्रमाणे. म्हणाले, म्हणजे तुमच्या नव्या तारखा रद्द, आणि चांगली प्रतही फुकट गेली. माझ्याकडे एक द्रव आहे, लाखेला धक्का न लावता असले डाग काढतो. द्या माझ्याकडे, पुन्हा स्वच्छ करून देतो. मनाने वाईट नव्हते ते.

"नको," बूरमन म्हणाले. त्यांनी ती तबकडी पाकिटातून काढली आणि उंच धरली. "मी इतकी वर्षं तारखा लिहितोय. तुम्हीही लिहिता. आपल्यापैकी एकाच्याही पाकिटावर अशी एक तारीख आहे का, जिच्यापुढे ओंखेफेअर नाही?"

मिशीवाले खाली बसले.

मग त्यांनी पाकीट आमच्याकडे वळवलं. जुनं 'अंदाजे' रबराने खोडून त्याखाली शाईने लिहिलं होतं, आणि ते त्यांनी वाचलं: दसऱ्याच्या दिवशी, दुपारी, आइंडहोवनला, शेजारणीच्या पाटावर, शेजारणीच्या आईने. यातला एक शब्दही अंदाजे नाही, असं म्हणून त्यांनी कोपऱ्यातल्या जुन्या फोनोवर ती तबकडी ठेवली आणि किल्ली दिली. कुंकवाचा ठिपका गरगर फिरायला लागला. मला रडू आलं, मी ते लपवलंही नाही.

आईने माझ्या दंडाला धरून विचारलं, "काय म्हणाले गं ते? काय अंदाजे नाही?"

मी सांगितलं.

"मग?" आई म्हणाली. "दसरा काय अंदाजे असतो का?" आणि ती मांडीवर ताल धरून गाणं ऐकायला लागली.